इन्सॅट-४बी कुठे गेला? निवृत्त भूस्थिर उपग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्री, सेट-टॉप बॉक्स आणि निवृत्त उपग्रह यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे, पुढचे किचकट. एकच उत्तर दोनदा दिलेलं नाही. गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. जिथे "हिशोबाने" असं म्हटलंय तिथली आकडेमोड माझी, आणि ती ढोबळ आहे.

१. इन्सॅट-४बी म्हणजे नेमका कोणता? नावं सगळी सारखीच वाटतात.

इस्रोने बांधलेला, जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झालेला दळणवळण उपग्रह. भारतीय वेळेनुसार १२ मार्च २००७ च्या पहाटे, फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान-५ रॉकेटने तो गेला. त्याच रॉकेटवर ब्रिटनचा स्कायनेट-५ए हा लष्करी उपग्रहही होता. इन्सॅट-४बीचं उड्डाणाच्या वेळचं वजन ३,०२५ किलो. त्यावर १२ केयू-बँड आणि १२ सी-बँड (रेडिओ-वारंवारतांचे दोन पट्टे) ट्रान्सपाँडर होते. ट्रान्सपाँडर म्हणजे जमिनीवरून आलेला सिग्नल पकडून, त्याची वारंवारता बदलून आणि ताकद वाढवून परत खाली पाठवणारी यंत्रणा. महाराष्ट्रातल्या हजारो घरांच्या छतावरच्या छोट्या छत्रीला दूरदर्शनचे फुकट चॅनल बरीच वर्षं याच उपग्रहावरून मिळत होते.

इन्सॅट-४ए वेगळा. तो डिसेंबर २००५ मध्ये गेला, ८३ अंश पूर्वेला बसला आणि टाटा स्काय त्यावरून सुरू झालं. इन्सॅट-४सी जुलै २००६ मध्ये जीएसएलव्ही या भारतीय रॉकेटसकट बंगालच्या उपसागरात गेला. त्याच्या बदली आलेला तो इन्सॅट-४सीआर.

२. "भूस्थिर" म्हणजे तो एका जागी थांबलेला असतो का?

नाही. तो सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असतो. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीप्रदक्षिणेला २३ तास ५६ मिनिटं लागतात, आणि पृथ्वीला स्वतःभोवती फिरायलाही तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो हलताना दिसत नाही. इन्सॅट-४बीची नेमून दिलेली जागा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर होती. मुंबईतून पाहिलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून हिशोबाने ५८ अंश वर. नागपुरातून किंचित दक्षिणेकडे आणि ६० अंश वर. तुमच्या गल्लीतल्या साऱ्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून का उभ्या असतात याचं उत्तर एवढंच.

३. आपण स्वतः रॉकेट बनवतो, मग हा परदेशातून का सोडला?

वजनामुळे. तेव्हाचं जीएसएलव्ही भूस्थिर कक्षेच्या वाटेवर साधारण दोन टनांचा उपग्रह नेऊ शकत होतं आणि हा तीन टनांचा होता. शिवाय कुरू विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे कक्षेचा कल सुधारण्यात उपग्रहाचं स्वतःचं इंधन कमी खर्च होतं. इंधन वाचलं की आयुष्य वाढतं. ते का, हे प्रश्न ८ मध्ये.

४. माझ्या बॉक्समध्ये अजूनही "इन्सॅट ४बी" असंच नाव येतं आणि चॅनलही दिसतात. मग तो बंद कसा झाला?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. बॉक्सच्या यादीतलं उपग्रहाचं नाव ही कारखान्यात चिकटवलेली नुसती चिठ्ठी असते. बॉक्सला त्या नावाशी काही देणंघेणं नसतं. वारंवारता, ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) आणि सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) जुळले की काम झालं. चॅनल आज येतात ते जीसॅट-१५ वरून. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये गेला आणि मुद्दामच त्याच ९३.५ अंशांवर नेऊन बसवला. सेवा त्याच्यावर गेली तरी छत्री फिरवावी लागली नाही, म्हणून बहुतेकांना बदल कळलाच नाही.

इस्रोने सांगितल्याप्रमाणे इन्सॅट-४बीच्या दोन्ही बँडवरच्या सेवा निवृत्तीच्या बऱ्याच आधी इतर जीसॅट उपग्रहांवर नेल्या होत्या. तेव्हा "उपग्रह बंद झाला म्हणून नवी छत्री घ्या" असं कोणी दारात येऊन सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

५. डीडी डायरेक्ट प्लस (दूरदर्शनची फुकट छत्री-सेवा) सुरुवातीपासून याच उपग्रहावर होतं ना?

नाही. डिसेंबर २००४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा ९५ अंश पूर्वेच्या एनएसएस-६ या परदेशी उपग्रहावर होतं. इन्सॅट-४बी आल्यावर ते इकडे आलं, आणि त्या वेळी छत्री थोडी सरकवावी लागली होती. जुन्या लोकांना छतावर चढल्याचं आठवतं ते हेच. पुढे त्याचं नाव डीडी फ्री डिश झालं.

६. २०१० मध्ये एका रात्रीत अनेक चॅनल गेले होते. तेव्हाच तो मेला होता का?

मेला नव्हता, अर्धा लंगडा झाला होता. ७ जुलै २०१० च्या रात्री त्याच्या दोनपैकी एका सौरपट्टीकडून येणाऱ्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि निम्मे ट्रान्सपाँडर बंद ठेवावे लागले. फटका मुख्यतः सन डायरेक्ट या छत्रीवरून चॅनल देणाऱ्या खासगी कंपनीच्या ग्राहकांना बसला. कंपनीने आपले चॅनल ९१.५ अंशांवरच्या मीसॅट-३ या मलेशियन उपग्रहावर नेले, त्यामुळे घरोघरी जाऊन छत्र्या फिरवाव्या लागल्या. दूरदर्शनची फुकट सेवा इन्सॅट-४बीवरच राहिली.

निम्मी वीज गेली म्हणून उपग्रहाचं आयुष्य निम्मं होत नाही. वीज कमी झाली तर कामं कमी करता येतात. इंधन संपलं तर कुठलंच काम करता येत नाही. या बिघाडानंतरही तो अकरा वर्षांहून जास्त काळ कक्षेत ताब्यात होता.

७. तो बिघाड स्टक्सनेट व्हायरसमुळे झाला असं वाचलंय. खरं आहे का?

तसा तर्क २०१० च्या सप्टेंबरात एका अमेरिकन अभ्यासकाने मांडला होता. इस्रो सीमेन्सची नियंत्रण-उपकरणं वापरते, स्टक्सनेट तशाच उपकरणांवर हल्ला करतो, म्हणून संबंध असू शकेल, एवढाच त्याचा धागा. इस्रोने तो नाकारला: स्टक्सनेट ज्या प्रकारच्या उपकरणात शिरतो ते या उपग्रहावर नव्हतंच. माझं मत विचाराल तर सौरपट्टीच्या वीजवाहिनीत बिघाड होणं ही अंतराळातली इतकी नेहमीची गोष्ट आहे की त्यासाठी व्हायरस शोधायला जायची गरज नाही. १९९७ मध्ये इन्सॅट-२डी सोडल्यावर चारच महिन्यांत विजेच्याच बिघाडाने गेला, तेव्हा स्टक्सनेट कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

८. यंत्र चालू होतं तर निवृत्त का केलं? उपग्रह म्हातारा होतो म्हणजे नक्की काय होतं?

सौरपट्ट्या हळूहळू कमी वीज देऊ लागतात, बॅटरी झिजते, काही सुटे भाग दगा देतात. हे सगळं होतं, पण आयुष्याचा हिशोब सहसा इंधनावर ठरतो.

भूस्थिर जागा आपोआप टिकत नाही. सूर्य आणि चंद्र उपग्रहाची कक्षा सतत तिरकी करत राहतात, वर्षाला साधारण पाऊण ते एक अंश. हा कल मोडून काढायला वर्षाकाठी सेकंदाला ४५ ते ५० मीटर इतका वेगबदल लागतो, आणि स्थानावर राहण्यासाठी लागणाऱ्या इंधनातला फार मोठा वाटा इथेच जातो. दुसरी ओढ पूर्व-पश्चिमेची. पृथ्वीचं विषुववृत्त अगदी गोल नाही, त्यामुळे या कक्षेत दोनच जागा अशा आहेत जिथे उपग्रह स्वतःहून स्थिरावू पाहतो. एक पॅसिफिकच्या बाजूला १०५ अंश पश्चिमेजवळ, आणि दुसरी ७५ अंश पूर्वेला. ही दुसरी रेषा चक्क आपल्या अहिल्यानगर आणि जळगाव जिल्ह्यांमधून जाते. ९३.५ अंशांवरचा उपग्रह मोकळा सोडला तर तो पश्चिमेला या ७५ अंशांकडे घसरू लागतो. ही ओढ सावरायला मात्र वर्षाला सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटरच लागतात.

म्हणून इंधन आटत आलं की ऑपरेटर कधी कधी एक युक्ती करतात: उत्तर-दक्षिण सुधारणा थांबवायची आणि फक्त पूर्व-पश्चिम राखायचं. इंधनाचा खर्च एकदम खाली येतो आणि उपग्रह आणखी काही वर्षं काढतो. पण मग तो आकाशात रोज इंग्रजी आठचा आकडा काढत वर-खाली डोलतो. फिरता अँटेना असलेल्या मोठ्या केंद्राला ते चालतं. छतावर बोल्टने घट्ट केलेल्या छत्रीला चालत नाही.

इन्सॅट-४बीचं ठरवलेलं आयुष्य १२ वर्षांचं होतं. तो १४ वर्षांहून जास्त चालला.

९. टाकीत किती इंधन उरलंय हे वर बसून कोण मोजतं?

मोजायची सरळ सोय नाहीच. वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या तळाशी बसत नाही, तो भिंतींना चिकटून राहतो. गाडीच्या टाकीतल्यासारखा तरंगता काटा तिथे काय दाखवणार? म्हणून तीन आडवाटा वापरतात.

पहिली वहीखात्याची: आजवर प्रत्येक थ्रस्टर (उपग्रहाला ढकलणारं छोटं इंजिन) किती सेकंद पेटला आणि त्यात किती इंधन गेलं याची बेरीज. प्रत्येक नोंदीत बारीकशी चूक असते आणि चौदा वर्षांत त्या चुका साठत जातात. दुसरी दाबाची: टाकीतल्या हेलियमचा दाब आणि तापमान घ्यायचं, त्यावरून वायूने किती जागा व्यापली ते काढायचं, उरलेली जागा इंधनाची. ही पद्धत टाकी भरलेली असताना बरी चालते आणि रिकामी होत आली की, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच, ढिली पडते. तिसरी उष्णतेची: हीटर लावून टाकी किती वेगाने तापते ते पाहायचं. इंधन कमी असेल तर लवकर तापते.

या तिन्हींची उत्तरं काही जुळून येत नाहीत. फरक कित्येक महिन्यांच्या कामाएवढा निघू शकतो. त्यामुळे निवृत्तीची तारीख म्हणजे शेवटी माणसांनी बसून घेतलेला निर्णय असतो. एक वर्ष जास्त कमवायचं ठरवलं आणि टाकी अंदाजापेक्षा आधी कोरडी निघाली, तर उपग्रह तिथेच अडकतो आणि मग त्याला हलवणारं कोणी नसतं. अशी फसगत झालेला एक उपग्रह प्रश्न १५ मध्ये आहे.

१०. निवृत्त केला म्हणजे नेमकं काय केलं? बटण बंद केलं?

बटण बंद करणं सगळ्यात शेवटी. आधी त्याला वर नेलं. १७ ते २३ जानेवारी २०२२ या आठवड्यात छोट्या थ्रस्टरच्या ११ टप्प्यांत त्याची कक्षा उंचावली आणि भूस्थिर कक्षेच्या साधारण ३४० किलोमीटर वर, किंचित लांबट कक्षेत त्याला ठेवलं. यालाच स्मशान कक्षा म्हणतात. २४ जानेवारीला तो अधिकृतपणे निवृत्त झाला. अशी रीतसर पाठवणी झालेला हा भारताचा २१ वा भूस्थिर उपग्रह.

एकाच धक्क्यात वर का नेत नाहीत? कक्षेच्या एका बाजूला थ्रस्टर पेटवला की उंची वाढते ती समोरच्या बाजूला. दोन्ही बाजू उचलायच्या तर साधारण बारा-बारा तासांच्या अंतराने आलटून पालटून पेटवावं लागतं, मध्ये कक्षा मोजून तपासावी लागते, वाटेत दुसरा कोणी येत नाही ना ते पाहावं लागतं. भारताच्या भूस्थिर उपग्रहांना आज्ञा देणारी मुख्य नियंत्रण केंद्रं कर्नाटकात हासनला आणि मध्य प्रदेशात भोपाळला आहेत.

११. वर नेण्याचा नियम किती किलोमीटरचा? कुठे २००, कुठे २३५, कुठे ३०० वाचलंय.

तिन्ही आकड्यांना अर्थ आहे. भूस्थिर कक्षेच्या वर आणि खाली २०० किलोमीटरचा पट्टा संरक्षित मानतात. चालू उपग्रहांच्या हालचालींसाठी तो मोकळा हवा. पण निवृत्त उपग्रह २०१ किलोमीटरवर ठेवून भागत नाही. सूर्य-चंद्राच्या ओढीने त्याची उंची काही काळाने खाली-वर होते, त्यासाठी ३५ किलोमीटर जास्तीचे. झाले २३५. वर सूर्यप्रकाशाचा दाब. मोठ्या सौरपट्ट्यांच्या हलक्या उपग्रहाला तो जास्त ढकलतो, म्हणून प्रत्येक उपग्रहाच्या वजन-क्षेत्रफळाप्रमाणे आणखी काही किलोमीटर मिळवतात. इन्सॅट-४बीसाठी ही बेरीज २७३ किलोमीटर आली. प्रत्यक्षात त्याला त्याहून वर नेलं. ३०० हा बहुतेकांना पुरणारा गोळाबेरीज आकडा.

ही सूत्रं आंतर-संस्था अवकाश कचरा समन्वय समितीची. इस्रो तिची सदस्य आहे. त्या मार्गदर्शक सूचना आहेत, कायदा नव्हे. मात्र काही देश आपल्या परवान्यांत त्या बंधनकारक करतात.

१२. मग आत्ता या क्षणी इन्सॅट-४बी कुठे आहे?

वर गेला की तो मागे पडू लागतो. जास्त उंचीवर प्रदक्षिणेला जास्त वेळ लागतो, त्यामुळे पृथ्वी त्याच्या खालून थोडी पुढे निघून जाते. ३४० किलोमीटर ही सरासरी उंची धरली तर हिशोबाने तो रोज चार अंशांहून थोडा जास्त पश्चिमेला सरकतो. म्हणजे भारतावरून निघून अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक, अमेरिका, पॅसिफिक असं करत साधारण ८२-८३ दिवसांत पुन्हा भारताच्या माथ्यावर. निवृत्तीनंतर त्याने जगाला अशा अनेक फेऱ्या मारल्या आहेत. कामावर होता तेव्हा मात्र एकही देश ओलांडला नव्हता.

१३. तो पृथ्वीवर पडेल का? आमच्या ग्रुपवर "निकामी उपग्रह कोसळणार" असं फिरतंय.

नाही पडणार. ग्रुपवर फिरणाऱ्या बातम्या खालच्या कक्षेतल्या वस्तूंच्या असतात. तिथे, काहीशे किलोमीटरवर, हवेचे विरळ कण असतात आणि ते उपग्रहाला हळूहळू ओढून खाली आणतात. छत्तीस हजार किलोमीटरवर ओढायला हवाच नाही. लाखो वर्षं तो तिथेच फिरत राहील.

१४. लहान उपग्रह आणि अंतराळस्थानकं मुद्दाम समुद्रात पाडतात. यालाही तसंच का नाही पाडलं?

इंधन परवडत नाही. ३४० किलोमीटर वर न्यायला हिशोबाने सेकंदाला १२ मीटर एवढा वेगबदल पुरतो, म्हणजे जागेवर राहण्यासाठी जेवढं इंधन तीन महिन्यांत जातं तेवढंच. खाली पाडायचं तर कक्षेची एक बाजू छत्तीस हजार किलोमीटरवरून वातावरणापर्यंत आणावी लागेल. त्यासाठी सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर वेग कमी करायला हवा. शंभर पटीहून जास्त. एवढं इंधन शिल्लक असतं तर त्याला निवृत्त कशाला केलं असतं?

१५. सगळे उपग्रह असे शिस्तीत निवृत्त होतात का?

मुळीच नाही. आपल्याच घरातून सुरुवात करू. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला, त्याच सप्टेंबरात त्याचं इंधन संपलं आणि तो हातचा गेला. वर न्यायला काही उरलंच नव्हतं. त्याच्यामागून ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून गेलेल्या इन्सॅट-१बीने मात्र पाच-सात वर्षं दूरदर्शनचं राष्ट्रीय प्रक्षेपण, हवामानाची चित्रं आणि टेलिफोन अशी सगळी ओझी वाहिली. इन्सॅट-२डीचं प्रश्न ७ मध्ये आलंच आहे.

असा ताबा सुटलेला उपग्रह आपली जागा सोडून प्रश्न ८ मधल्या ७५ अंशांच्या दोन्ही बाजूंना घड्याळाच्या लंबकासारखा हेलकावत राहतो. ९३.५ अंशांवरून सुटला तर ५७ अंशांच्या आसपास जाऊन परत, आणि या फेरीला दोनहून अधिक वर्षं लागतात. वाटेत भारताचे, चीनचे, रशियाचे, आखातातले चालू उपग्रह आहेत. दर वेळी कोणाला तरी बाजूला व्हावं लागतं.

सगळ्यात विचित्र प्रकार गॅलेक्सी-१५ चा. एप्रिल २०१० मध्ये या अमेरिकन उपग्रहाने आज्ञा ऐकणं बंद केलं, पण त्याचे ट्रान्सपाँडर चालूच राहिले. तो सरकत सरकत शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरायचा आणि त्यांचेच सिग्नल पकडून परत फेकायचा. त्याच वर्षी डिसेंबरात त्याची बॅटरी उतरली, यंत्रणा स्वतःहून पुन्हा सुरू झाली आणि तो ताब्यात आला.

आणि इंधनाचा अंदाज चुकलेला म्हणजे इकोस्टार-७. त्याला ३०० किलोमीटर वर नेण्याचं कबूल केलं होतं, पण जेमतेम १२२ किलोमीटरवर इंधन संपलं. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या मालक कंपनीला दीड लाख डॉलर दंड केला. अवकाश कचऱ्यासाठी त्या आयोगाने केलेला हा पहिला दंड. रक्कम एवढ्या मोठ्या कंपनीसाठी किरकोळ होती, पण पायंडा पडला हे बरं झालं.

१६. वर नेल्यावर "निष्क्रिय" करतात म्हणजे काय? नुसतं सोडून दिलं तर काय बिघडतं?

फुटू शकतो. टाकीत उरलेलं इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला प्राणवायू पुरवणारं रसायन) ही एकमेकांना भिडताच पेटणारी रसायनं असतात. हेलियम दाबाखाली असतो. बॅटरीवर देखरेख नसली तर ती जास्त चार्ज होऊन तापते. म्हणून उरलेलं इंधन बाहेर सोडतात, बॅटरी सौरपट्ट्यांपासून तोडतात आणि ट्रान्समीटर कायमचे बंद करतात. ट्रान्समीटर बंद करणं का महत्त्वाचं, हे गॅलेक्सी-१५ ने दाखवून दिलंय.

फुटण्याची भीती पुस्तकी नाही. सोव्हिएत संघाचा एक्रान-२ हा भूस्थिर उपग्रह १९७८ मध्ये बॅटरीचा स्फोट होऊन फुटला. अगदी अलीकडे, १९ ऑक्टोबर २०२४ ला, ६० अंश पूर्वेवरचा इंटेलसॅट-३३ई हा चालू उपग्रह तुकडे होऊन विखुरला. ते तुकडे आता या कक्षेत कायमचे राहिले.

१७. इंधनच संपतं तर वर जाऊन इंधन भरून का येत नाहीत?

भरणं अजून अवघड आहे, पण पाठीवर घेणं जमलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ नावाचं यान इंटेलसॅट-९०१ या जुन्या उपग्रहाच्या मागच्या इंजिनाच्या तोंडात अडकून बसलं. ही गाठभेट मुद्दाम स्मशान कक्षेतच केली, म्हणजे काही बिनसलं तरी खालच्या चालू उपग्रहांना धोका नको. मग आपल्या इंधनावर त्याला खाली आणून त्याने पुन्हा कामाला लावलं.

इन्सॅट-४बीसाठी हे होण्याची शक्यता जवळपास शून्य. यान पोहोचेपर्यंत तो ताब्यात आणि स्थिर असायला हवा. निष्क्रिय केलेला उपग्रह दोन्ही नसतो. शिवाय सौरपट्टीचा जुना बिघाड घेऊन बसलेल्या उपग्रहावर पैसे कोण लावणार?

१८. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये रोज थोडा वेळ चित्र जातं. आताचा उपग्रहही मरायला टेकला का?

नाही. त्या दिवसांत सूर्य तुमच्या छत्रीतून पाहिलं तर बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ-गोंगाटात सिग्नल बुडतो. महाराष्ट्रात हे मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ९३.५ अंशांसाठी दुपार व्हायच्या आधी, काही मिनिटांपुरतं होतं. काही दिवसांनी आपोआप थांबतं. छत्री हलवू नका. जुलैत पाऊस कोसळत असताना चित्र जातं ते कारण वेगळं: केयू-बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात.

१९. दुर्बिणीतून इन्सॅट-४बी दिसेल का?

नुसत्या डोळ्यांनी नाही. आठ-दहा इंची दुर्बीण, अंधारं आकाश आणि ताजे कक्षा-आकडे असतील तर प्रयत्न करता येईल. चालू भूस्थिर उपग्रह ओळखणं सोपं: दुर्बिणीची मोटर बंद करा, तारे सरकत जातात आणि जो ठिपका जागचा हलत नाही तो उपग्रह. निवृत्त उपग्रह मात्र सावकाश सरकतो, आणि कोलांट्या खात असेल तर लुकलुकतोही. सौरपट्टीचा कोन जुळला की क्षणभर बराच उजळ होतो.

२०. आता तो कोणाचा? कोणी जाऊन सुटे भाग काढून नेले तर?

भारताचाच. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार नोंदणी करणाऱ्या देशाचा आपल्या वस्तूवरचा अधिकार ती बंद पडली म्हणून संपत नाही. समुद्रात बुडालेल्या जहाजांना जसे बेवारस मालाचे नियम लागतात तसे इथे नाहीत. जबाबदारीही कायम राहते: निवृत्त उपग्रहाने दुसऱ्याच्या उपग्रहाचं नुकसान केलं आणि त्यात चूक सिद्ध झाली, तर भरपाई सोडणाऱ्या देशाकडे मागता येते.

२१. ९३.५ अंशांची जागा रिकामी झाली. ती दुसरा देश बळकावेल का?

ती रिकामी झालीच नाही. तिथे जीसॅट-१५ आहे आणि २०१७ मध्ये गेलेला जीसॅट-१७ ही. एका रेखांशावर दोन-तीन उपग्रह कसे मावतात, हेही लोक विचारतात. प्रत्येकाला साधारण दशांश एक अंश इकडे आणि तेवढंच तिकडे फिरण्याची मुभा असते. या उंचीवर दशांश एक अंश म्हणजे ७० किलोमीटरहून जास्त. त्या पेटीत त्यांच्या कक्षांचे कल आणि लांबटपणा असे ठरवतात की ते एकमेकांभोवती फिरत राहतात, जवळ मात्र येत नाहीत. छत्रीला ते सगळे एकच ठिपका वाटतात.

जागा खरोखर रिकामी झाली तर? जागा आणि वारंवारता यांची नोंद आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे असते. उपग्रह गेला म्हणून नोंद लगेच रद्द होत नाही. देशाला वापर स्थगित केल्याचं कळवावं लागतं आणि तीन वर्षांच्या आत तिथे पुन्हा उपग्रह आणावा लागतो. म्हणूनच काही देश मुदत संपत आली की दुसरीकडचा एखादा म्हातारा उपग्रह हळूहळू सरकवत त्या जागी आणून ठेवतात.